वरून पाहिल्यावर आमचा नाच कवायतीसारखा का दिसतो?

प्रश्न असा आलाय. कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी चोवीस मुलींचा नाच बसवलाय आणि त्याची चार मिनिटांची फिल्म करायची आहे. विचारणाऱ्या ताईंनी हॉलिवूडची १९३०च्या दशकातली गाणी पाहिली. त्यात वरून दिसणारी, उमलणारी-मिटणारी माणसांची फुलं पाहिली आणि ड्रोन भाड्यानं आणून तसंच करून बघितलं. हाती जे आलं त्याचं वर्णन त्यांनीच केलंय: "शाळेच्या २६ जानेवारीच्या कवायतीसारखं दिसतं." पुढे दोन उपप्रश्न आहेत. कॉम्प्युटर नसताना त्या लोकांनी हे जमवलं कसं? आणि बायका नुसत्या चालतात, गोल फिरतात, हसतात, त्याला नाच म्हणायचं का?

मी नऊ वर्षं सिनेमाच्या गाण्यांत ग्रुपमध्ये नाचले, त्यातली बरीचशी शेवटच्या रांगेत. मग असिस्टंट झाले, मग स्वतः गाणी बसवायला लागले. त्यालाही आता वीस वर्षं होतील. ही जुनी गाणी मी पहिल्यांदा पाहिली ती चोरी करायला (आमच्या धंद्यात त्याला 'रेफरन्स' म्हणतात). चोरी जमेना, म्हणून अभ्यास करावा लागला.

तुमच्या तक्रारीपासूनच सुरू करते. तुम्ही ज्याची नक्कल करताय तो माणूस कवायतीतूनच आला होता. बझ्बी बर्कली. जन्म १८९५चा, लॉस एंजेलिसचा. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यात लेफ्टनंट होता आणि फ्रान्समध्ये मोठमोठ्या तुकड्यांची संचलनं बसवायचं काम त्याच्याकडे होतं. नाच तो रीतसर कधी शिकलाच नाही. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नृत्यदिग्दर्शक म्हणून त्यानं नाव कमावलं आणि १९३० साली निर्माता सॅम्युअल गोल्डविनच्या 'व्हूपी!' या चित्रपटासाठी तो हॉलिवूडला आला. तेव्हा कवायत हे त्याचं भांडवलच होतं. मग त्याची कवायत बघताना आपण आ वासतो आणि तुमची बघताना झेंडावंदन आठवतं, असं का?

मला वाटतं घोळ असा झालाय: नाच तुम्ही समोर बसलेल्या माणसासाठी बसवलात आणि कॅमेरा नंतर वर पाठवलात. समोरून दिसणारं सगळं, म्हणजे पुढे केलेला हात, कंबरेचा झोका, गुडघ्यातली लवचिकता, भुवई, हे वरून नाहीसं होतं. वरून माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे. बस्स. तुमच्या मुलींनी घेतलेल्या मेहनतीतली बारा आणे मेहनत ड्रोनला दिसतच नाहीये. उरल्यात त्या फक्त जागा बदलणाऱ्या रांगा. त्यालाच तुम्ही कवायत म्हणताय.

हे मी फुकटात शिकलेले नाही. मी स्वतंत्रपणे काम करायला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत गोरेगावच्या एका फ्लोअरवर माझं पहिलं मोठं गाणं होतं. छत्तीस डान्सर, काळी चकचकीत जमीन, काळे सिक्विनचे ड्रेस, मोकळे केस. खालून पाहताना अंगावर काटा येत होता. मग मी लाइटवाल्यांच्या, छताजवळ टांगलेल्या तराफ्यावर चढले, कॅमेऱ्यात डोळा लावला, आणि खाली काहीच नव्हतं. काळ्यावर काळं. मधूनमधून भांगाची एखादी पांढरी रेघ, एखादा खांदा. निर्मात्याचा माणूस खालून विचारतोय, "मॅडम, टेक?" जेवणाची सुट्टी जवळ आली होती. तेवढ्यात माझ्या असिस्टंटनं प्रॉडक्शनच्या गाडीतून थर्माकोलच्या पांढऱ्या ताटल्यांचा गठ्ठा उचलून आणला. प्रत्येकीच्या दोन्ही तळहातांना एकेक ताटली दुहेरी टेपनं चिकटवली. वरून बहात्तर पांढरे ठिपके दिसायला लागले आणि ठिपके हलले की त्यांच्यामधल्या रेषा दिसायला लागल्या. त्या दिवशी युनिट पत्रावळीवर जेवलं.

आता त्या जुन्या गाण्यांकडे पुन्हा बघा. बर्कलीच्या मुलींच्या हातात सतत काहीतरी का असतं? 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'च्या सुरुवातीच्या गाण्यात प्रचंड मोठी नाणी आहेत. त्याच चित्रपटातल्या 'शॅडो वॉल्ट्झ'मध्ये अंधारात निऑननं उजळलेली व्हायोलिनं आहेत, आणि त्या सगळ्या छोट्या व्हायोलिनांमधून वरून एकच मोठं व्हायोलिन तयार होतं, वाजवायच्या गजासकट. त्या मुलींचे घेरदार झगे आणि फिक्या रंगाचे टोप हेही सजावटीपुरते नाहीत; ते वरून 'वाचता' यावेत म्हणून आहेत. आपल्याकडच्या मुलीला हे एका वाक्यात कळतं: ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपका दिसला नाही तर रांगोळी काढणार कशी?

वरून शूट करायची कल्पना मात्र बर्कलीची पहिली नव्हे, तशी समजूत असली तरी. १९२९च्या 'द कोकोनट्स'मध्ये, म्हणजे मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या पहिल्या बोलपटात, वरून दिसणारं मुलींचं फूल आहे. ते फूल येतं, आपण पाहतो, ते जातं. पुढे काही होत नाही. मलाही सुरुवातीला तो शॉट आणि बर्कलीचे शॉट यांतला फरक बोट ठेवून सांगता येत नव्हता. तो उंचीत नाही. तो शॉटच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, यात आहे. त्याकडे येते, पण मध्ये तुमचा तांत्रिक प्रश्न घेते, कारण दोन्ही जोडलेले आहेत.

बोलपट आले १९२७च्या सुमारास. 'द जॅझ सिंगर' त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातला. आवाज आला आणि कॅमेरा जायबंदी झाला. कॅमेऱ्याची मोटर घरघरायची, ती मायक्रोफोनला ऐकू जायची, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काच लावलेल्या एका बंद खोक्यात कोंडायचे. आत इतकं उकडायचं, तरी त्या खोक्याचं टोपणनाव 'आइसबॉक्स'! ऑर्केस्ट्रा सेटवरच, चौकटीच्या बाहेर बसलेला. गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपलं जायचं. अशा वेळी कॅमेरा फिरवणार कसा? त्या पहिल्या दोन वर्षांची गाणी तुम्ही पाहिलीत तर ती थिएटरच्या मधल्या खुर्चीवरून पाहिल्यासारखी दिसतात.

सुटका झाली ती जवळजवळ अपघातानं. 'द ब्रॉडवे मेलडी' हा एमजीएम स्टुडिओचा १९२९चा चित्रपट. त्यातलं रंगवलेल्या बाहुलीच्या लग्नाचं गाणं निर्मितिप्रमुख अर्व्हिंग थालबर्गला पसंत पडेना. ते परत शूट करायचं ठरलं. ध्वनिविभागाचे डग्लस शिअरर म्हणाले, आवाज तर उत्तम टिपलाय, तो कशाला परत करायचा? तोच लाउडस्पीकरवर वाजवा, मुली त्यावर नाचतील, आपण नुसतं चित्र घेऊ. झालं. गाणं आधी, चित्र नंतर. आपल्याकडे गाणं वाजवा हे सांगायला 'नागरा' म्हणून जी हाक सेटवर आजही मारतात (नागरा हे टेपचं यंत्र जाऊन लॅपटॉप आला तरी हाक तीच), तिचा हा पणजोबा. सेटवर आवाज टिपायचाच नसेल तर कॅमेरा कितीही घरघरू दे. तो खोक्यातून बाहेर येऊ शकतो, रुळांवर धावू शकतो, छताला टांगता येतो. आणि गाणं एकसंध आधीच तयार असल्यामुळे चित्राचे हवे तितके तुकडे करता येतात. कॉम्प्युटरची उणीव त्यांना भासलीच नसणार. त्यांच्याकडे प्लेबॅक होता, सुतार होते, तालमीला वेळ होता आणि स्टुडिओच्या महिन्याच्या पगारावरची माणसं होती. बर्कलीनं तर उंची कमी पडते म्हणून स्टुडिओच्या छताला भोकं पाडली, हे त्याच्याबद्दल सगळेच सांगतात.

तुमच्याकडे नेमकं उलट झालंय, ते गमतीचं आहे. ड्रोन इतका घोंघावतो की मुलींना स्पीकर ऐकू येत नाही. तुमच्या क्लिपमध्ये डावीकडच्या सहा जणी अर्धा काउंट (म्हणजे तालाची अर्धी मात्रा) मागे आहेत असं तुम्ही लिहिलंय आणि त्यांना दोष दिलाय. स्पीकर कुठे होता? मैदानाच्या उजव्या टोकाला असणार. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे फिल्मच्या एका फ्रेममध्ये, सेकंदाच्या चोविसाव्या भागात, साधारण १४ मीटर. मैदान तीस मीटर असेल तर पलीकडच्या मुलींना गाणं दोन फ्रेम उशिरा ऐकू येतं. त्यात ड्रोनची घरघर, म्हणून त्या शेजारणीकडे बघून नाचतात आणि आणखी मागे पडतात. त्या मुलींना रागावू नका. स्पीकर दोन्ही बाजूंना ठेवा आणि मधोमध एकीला मोठ्यानं काउंट द्यायला लावा. आवाज नंतर टाकायचाच आहे.

आता शॉटच्या आधी आणि नंतर.

त्या काळची रीत अशी होती की एका गाण्याला चार-चार कॅमेरे लावायचे आणि मग एडिटिंगच्या टेबलावर जे बरं दिसेल ते निवडायचं. बर्कली 'व्हूपी!'ला आला आणि म्हणाला, मला एकच कॅमेरा हवा. पहिल्याच चित्रपटात हे म्हणणं म्हणजे उद्धटपणाच. पण त्याचा अर्थ असा की शूटिंगच्या आधी संपूर्ण गाणं त्याच्या डोक्यात कापून तयार होतं. या शॉटचा शेवट म्हणजे पुढच्या शॉटची सुरुवात. आजही मी नव्या असिस्टंटना हेच सांगते: स्टेप विसरलात तर चालेल, शॉट कुठे संपतोय ते विसरू नका.

'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'मधलं 'यंग अँड हेल्दी' घ्या. मार्च १९३३चा चित्रपट, अमेरिकेतल्या बँका बंद पडल्या तो महिना. नाटकवाल्यांची गोष्ट आहे, म्हणून गाणं रंगमंचावरच सुरू होतं. एक गाणारा तरुण, एक सोनेरी केसांची मुलगी, फिरती जमीन. मग कॅमेरा वर जातो आणि जे खाली दिसतं ते कोणत्याही थिएटरात, कोणत्याही खुर्चीवरून दिसणं शक्य नाही. तिकडून तो थेट जमिनीवर येतो, मुलींच्या फाकलेल्या पायांच्या कमानीतून सरपटत पुढे जातो आणि पलीकडच्या टोकाला त्याला दोन हसरे चेहरे भेटतात. वर, खाली, आतून, चेहरा. तुम्ही म्हणता ते फूल या प्रवासात काही क्षणांपुरतं येतं. ते मुक्कामाचं ठिकाण नाही. तुमच्या फिल्ममध्ये ड्रोन एकदा वर गेला तो चाळीस सेकंद तिथेच. चाळीस सेकंद! आठ काउंट झाले की डोळ्याला आकार कळतो, सोळा झाले की तो मोजायला लागतो, आणि मोजायला लागला की कवायत.

चेहऱ्यांचं आणखी एक. ग्रुपमधल्या मुलींना क्लोजअप देणं ही तेव्हा उधळपट्टी होती, क्लोजअप नायिकेचा. बर्कलीनं 'व्हूपी!'पासूनच एकामागून एक मुली कॅमेऱ्यासमोरून नेल्या आणि प्रत्येकीला एक क्षण दिला. मग त्याच मुली वरून ठिपके होतात तेव्हा आपल्याला आधीच ठाऊक असतं की हा ठिपका म्हणजे गालाला खळी पडणारी ती आहे. मी शेवटच्या रांगेत नऊ वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे मला जरा जास्तच लागतं. तुमच्या फिल्ममध्ये चोवीस मुली आहेत आणि एकीचाही चेहरा नाही.

इथवरचं थोडक्यात: वरून ठिपका दिसला पाहिजे, आकार लवकर मोडला पाहिजे, आणि वर जायच्या आधी चेहरे भेटले पाहिजेत. ड्रोनची किंमत किंवा मुलींची संख्या यात कुठे येत नाही. चोवीस भरपूर आहेत.

याला नाच म्हणायचं का, हा तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. कारण माझं मत वीस वर्षांत दोनदा बदललंय. कथक शिकलेल्या मुलीला आधी हे हास्यास्पद वाटतं. पायात काही नाही, अंगात काही नाही. मग मी 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'चं शेवटचं गाणं नीट पाहिलं. 'रिमेंबर माय फरगॉटन मॅन'. त्याची पार्श्वभूमी सांगते. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांना सरकारनं बोनस कबूल केला होता, तो बऱ्याच वर्षांनी मिळणार होता. मंदी आली, माणसं उपाशी राहायला लागली, तेव्हा १९३२ साली हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला जाऊन बसले आणि तो बोनस आता द्या म्हणाले. जुलैमध्ये लष्कर घालून त्यांना हाकललं. पुढच्याच वर्षी हे गाणं पडद्यावर आलं.

गाण्यात जोन ब्लाँडेल ही नटी रस्त्यावर उभी आहे, एका फाटक्या माणसाला आपली सिगारेट देते. एक पोलिस दुसऱ्या भणंगाला उचलायला येतो, तर ती त्याच्या कोटाची कॉलर उलटून आतलं पदक दाखवते. खिडकीत बसून एटा मोटेन ही कृष्णवर्णीय गायिका गाते, आणि तो आवाज त्या गाण्यातला सगळ्यात खोल आवाज आहे. मग कवायत सुरू होते. सैनिक निघाले आहेत, झेंडे, लोकांचा जल्लोष, ताठ पावलं. तीच रांग पावसात, डोकी खाली. तीच रांग उलट दिशेनं, जखमी, एकमेकांना धरून. तीच रांग शेवटी फुकटच्या पावाच्या रांगेत उभी. चाल एकच आहे हो! डावा-उजवा, डावा-उजवा. स्टेप बदललेली नाही, खांदे बदललेत आणि दिशा बदलली आहे. लेफ्टनंट असताना ज्यानं माणसांना चालायला शिकवलं, त्यानंच पंधरा वर्षांनी ती चाल कशी झिजते ते दाखवलं. हा नाच नसेल तर मला त्याचं दुसरं नाव माहीत नाही.

म्हणून तुम्हाला कवायत लपवायला सांगत नाही. ती कशाची आहे ते ठरवा. आत्ता ती कशाचीच नाहीये.

पण या माणसाचं सगळंच डोक्यावर घेऊ नका. त्याच्या गाण्यांत बाई पुष्कळदा वस्तू होते. पाय, पाय, पाय, चेहरे, पाय. एकसारख्या उंचीच्या, एकसारख्या हसणाऱ्या, जवळजवळ सगळ्या गोऱ्या. एटा मोटेन हा अपवाद आहे. १९३४च्या 'वंडर बार'मध्ये त्यानं बसवलेलं एक गाणं गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेलं आहे आणि ते आज बघवत नाही. शिवाय धोका. 'शॅडो वॉल्ट्झ'चं शूटिंग चालू असताना १० मार्च १९३३ला लाँग बीचचा भूकंप झाला, दिवे गेले. उंच रचलेल्या सेटवर, अंधारात, हातात विजेची व्हायोलिनं घेतलेल्या मुली. बर्कलीनं ओरडून त्यांना होत्या तिथे बसायला सांगितलं, अशी गोष्ट सांगतात आणि ती त्याच्या कौतुकासाठी सांगतात. मला ती वाचताना दरवेळी त्या मुलींच्या पायाखालची फळी आठवते. मी अशा फळीवर उभी राहिले आहे.

दिसत नसलेल्या माणसांचं निघालंच आहे तर 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३५' जरूर पाहा. त्यात छप्पन्न पांढरे पियानो आहेत आणि ते सगळे नाचतात. घरंगळत येतात, वळतात, रांगा करतात, एकत्र होतात. कसे? पियानो म्हणजे नुसती हलकी पोकळ टरफलं, आणि प्रत्येकाच्या खाली काळे कपडे घातलेला एकेक माणूस वाकून बसलेला. जमिनीवरच्या खुणा पाहत तो पियानो पाठीवर घेऊन चालतो. चित्र थांबवून पियानोच्या पायांमध्ये बघा, काळी पँट हलताना सापडते. माझ्या वर्गात मी हे हमखास दाखवते. पोरं आधी पियानो वाजवणाऱ्या मुली बघतात. मी पायाकडे बोट दाखवलं की मग त्यांना दुसरं काही दिसतच नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्या चोवीस जणींत दोघी-तिघी खरोखर उत्तम नाचणाऱ्या असतील, तर त्यांच्यासाठी वर जाऊच नका. त्याच दशकात, दुसऱ्या स्टुडिओत, फ्रेड अ‍ॅस्टेअर हा नाचणारा नट बर्कलीच्या बरोबर विरुद्ध करत होता. त्याची अट अशी की नाचताना डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस चौकटीत दिसला पाहिजे, शॉट शक्य तितका सलग हवा, मध्येच पायाचा किंवा प्रेक्षकांच्या चेहऱ्याचा कट नको. 'टॉप हॅट'मधल्या 'चीक टू चीक'ला त्याची जोडीदार जिंजर रॉजर्स हिच्या अंगावर शहामृगाच्या पिसांचा झगा आहे. ती पिसं गळत होती, अ‍ॅस्टेअर वैतागला होता, आणि नीट पाहिलं तर गळणारी पिसं अजूनही पडद्यावर दिसतात. पण कट नाही, म्हणून ती पिसंसुद्धा नाचाचाच भाग वाटतात. नाचणारी व्यक्ती भारी असेल तर कॅमेऱ्यानं गप्प बसावं, आणि सगळ्या जणी मध्यम असतील तर कॅमेऱ्यानं नाचावं. तुमच्या मुलींना मी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय. बेधडक ठरवा, आणि मुलींना त्यांची प्रतवारी सांगू नका.

तुमच्या शूटिंगचं. घरी टेबलावर एक रुपयाची चोवीस नाणी मांडा. एकीनं नाणी सरकवायची, दुसरीनं वरून मोबाइलवर शूट करायचं, गाणं चालू ठेवून. जे नाण्यांत दिसत नाही ते मैदानावरही दिसणार नाही. एक संध्याकाळ यात घालवा, तालमीचे चार दिवस वाचतील. जे आकार उरतील ते खडूनं किंवा चुन्यानं मैदानावर आखा. खुणा वरून दिसतील म्हणून घाबरू नका. बारीक ठिपके ठेवा, मुलींच्या पायाखाली झाकले जातात.

ड्रोन जास्त उंच न्या. बहुतेक ड्रोनची लेन्स रुंद असते. दहा मीटरवरून सुमारे पंधरा मीटर रुंदीची जमीन दिसते, तुमचं वर्तुळ कसंबसं मावतं आणि कडेच्या मुली बाहेर झुकल्यासारख्या, अर्ध्या बाजूनं दिसतात. आकार चपटा दिसायला हवा तर वीस मीटरवर जा, फोर-केमध्ये शूट करा आणि नंतर मधली निम्मी चौकट कापून घ्या, फुल एचडी हातात राहतं. घरघर कमी होते, धूळ उडत नाही, डोक्यावरचा धोकाही घटतो. परवानगीचं काम ऑपरेटरवर सोडून मोकळं होऊ नका, कागद स्वतः पाहा. आणि कॉलेजला मधोमध चौक असलेली इमारत असेल तर ड्रोन विसरा. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून तिरपा का होईना, स्थिर शॉट मिळतो, तोही निवांतपणे, दहा वेळा. मी तरी तेच करीन.

क्रम असा ठेवून बघा: पहिला शॉट एकीचा चेहरा. मग पाच-सहा चेहरे, झटपट. मग जमिनीच्या उंचीवरून पाय. मग वर, आठ काउंट, एकच आकार. तो मोडत असताना कट, पूर्ण मोडल्यावर नको. पुन्हा तीच पहिली मुलगी, पण आता दमलेली. दम लपवायला सांगू नका, तो सगळ्यात छान दिसतो. दुसऱ्या अंतऱ्याला पुन्हा वर जायचं असेल तर आकार वेगळा असावा आणि आणखी थोड्या वेळापुरता. दोनदा पुरे. तिसऱ्यांदा वर गेलात तर तुमचे प्रेक्षक सीटवर मागे टेकतील.

आणि ठिपक्यांचं काय? थर्माकोल नको, मैदानावर वाऱ्यानं उडेल. तुमच्या मुली नऊवारीत आहेत ना? मग सोपं आहे. सगळ्यांचे घट्ट अंबाडे घाला आणि प्रत्येकीच्या अंबाड्याभोवती पूर्ण गोल, दुहेरी गजरा. काळ्या केसांवर पांढरं कडं, चोवीस कडी, वरून यापेक्षा स्वच्छ ठिपका मिळणार नाही. फक्त वरचे शॉट सकाळी सगळ्यात आधी उरका. मोगरा दुपारपर्यंत पिवळा पडतो, आणि वीस मीटरवरूनही ते कळतं.